पाण्याचं विरजण



दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी आमच्या घरातले नऊ मासे मारले. विष घातलं नाही, उपाशी ठेवलं नाही. मी फक्त साफसफाई केली.

हैदराबादेत काचीगुड्याच्या आमच्या घरात साठ लिटरची काचेची पेटी आहे. दोन गोल्डफिश, बाकीच्या गप्पी आणि मॉली. दसऱ्यासाठी घर झाडून-पुसून झालं, आणि माझी नजर त्या पेटीवर पडली. खडे शेवाळलेले, स्पंज काळपट, काचेला वरच्या कडेने क्षारांची पांढरी रेघ. मी मासे बादलीत काढले, खडे घमेल्यात घालून तांदूळ धुवावेत तसे चार पाण्यांनी धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पाणी नितळ येईपर्यंत पिळला. पेटी काठोकाठ नळाच्या पाण्याने भरली. संध्याकाळी दिवा लावल्यावर ती अशी झळाळली की शेजारच्यांना बोलावून दाखवली. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकत होते. गोल्डफिशचे कल्ले लालबुंद झाले होते. रात्रीपर्यंत एकही उरला नाही.

नवे मासे आणायला गेलो, तेव्हा दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या दखनीत म्हणाला, "पानी पूरा नक्को बदलना साब. थोडा निकालना, थोडा डालना. और इस्पंज कू नल के नीचे नक्को धोना." त्याने कारण सांगितलं नाही. ते मी नंतर वाचून काढलं, आणि वाचताना मला आईचं दह्याचं भांडं आठवत राहिलं.

मासा खातो आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो. पेटीला मोरी नाही, म्हणून तो तिथेच साठतो. तो पचवायला दोन प्रकारचे सूक्ष्म जिवाणू लागतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते थोडं असलं तर माशांना चालतं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. खड्यांवर, काचेवर आणि सगळ्यांत जास्त त्या काळपट स्पंजात वस्ती करून राहतात. नव्या पेटीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे मी जो काळा गाळ समजून पिळून टाकला, ते विरजण होतं. आई दही संपलं तरी भांड्याच्या तळाशी चमचाभर राखून ठेवायची. मी भांडं घासून, पुसून, उन्हात वाळवून ठेवलं आणि वर दही का लागत नाही म्हणून विचारलं.

आता स्पंज धुतो तो पेटीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोनदा दाबून. काळपट राहिला तर राहू दे. पाणी बदलतो ते आठवड्यातून एकदा, चौथा हिस्सा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. आपल्यासाठी तो हवाच, पण माशांचे कल्ले त्याने भाजतात आणि विरजणही मरतं. म्हणून नळाचं पाणी रात्रभर बादलीत उघडं ठेवावं, त्यात हवेचा पंप सोडला तर उत्तमच. घाई असेल तर हायपोचा खडा. पूर्वी फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत असायचा तोच. शंभर लिटर नळाच्या पाण्याला ग्रॅमभर पुरून उरतो.

पण हैदराबादेत नळाचं पाणी म्हणजे नेमकं कुठलं? जुने लोक म्हणतात, गंडीपेटचं पाणी एकदा प्यायला की माणूस हे शहर सोडत नाही. गंडीपेट म्हणजे उस्मानसागर. 1908 च्या मुशी नदीच्या महापुरानंतर बांधला, 1920 साली पुरा झाला. 1927 साली हिमायतसागर आला. पुढे शहर वाढलं आणि या दोन तलावांना झेपेनासं झालं. मग मांजरा नदीचं पाणी आणलं, नंतर नागार्जुनसागरातून कृष्णेचं, आणि 2015 साली गोदावरीचं. जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मांजरा उगम पावते बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरांत. गोदावरी त्र्यंबकेश्वराची, कृष्णा महाबळेश्वराची. आपल्या इथल्या मराठी लोकांचे पणजोबा ज्या वाटेने या शहरात आले, त्याच वाटेने हे पाणीही आलं म्हणायचं!

मुद्दा असा की नद्यांचं हे पाणी बेताचं जड असतं, माशांना मानवतं. पंचाईत होते ती बोअरच्या पाण्याची. आपल्या पायाखाली ग्रॅनाइटचा जुना खडक आहे. त्याच्या भेगांतून वर येणारं पाणी जड, क्षारांचं, आणि आमच्या बोअरचा पीएच आठच्या आसपास. अमोनियाची गोष्ट इथे पुन्हा येते. पंचवीस अंश तापमानाला पीएच सात असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच आठ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो, जवळजवळ दहापट. माझे मासे कदाचित वाचलेही असते, पण त्या रविवारी नळ आला नव्हता, टाकीत बोअरचं पाणी होतं. पेटीत मी नळाचं म्हणून भरलं ते हेच.

यावर लोक पाणी बदलायला निघतात, निरनिराळे थेंब घालतात. माझं मत उलटं आहे. पाणी जड आहे ना, मग जड पाण्यात राजी असणारे मासे पाळा. मॉली आणि गप्पी अशा पाण्यात महिन्यागणिक पिल्लं देतात. निऑन टेट्रा दिसतो सुंदर, पण तो अ‍ॅमेझॉनच्या मऊ पाण्यातला. त्याला बोअरवर जगवायचं म्हणजे कोकणातली अबोली गुलबर्ग्याच्या माळावर लावण्यासारखं.

उन्हाळ्याबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला की पेटीतलं पाणी बत्तीस अंशांवर जातं, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. बर्फ टाकू नका, एकदम गारठ्याने मासे खचतात. वरचं झाकण काढून पाण्यावर छोटा पंखा सोडा. माठ जसा झिरपून गार होतो, तशी पेटी वाफेने गार होते. माझ्या पेटीतून अशाने रोज लिटरभर पाणी उडतं. पहिल्या वर्षी ती तूट मी बोअरच्या पाण्याने भरत गेलो. क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र मिळतं. त्याच्यावर महिन्याभरात तीनशेचा आकडा सातशेवर गेला. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. मी रोज वरून आणखी क्षार ओतत होतो आणि पाणी बदललं असं समजत होतो. आमटी आटली म्हणून कुणी वरून मिठाचं पाणी घालत नाही. आता उडालेल्या पाण्याची भर घरातल्या आरओच्या पाण्याने घालतो. आठवड्याचा चौथा हिस्सा मात्र नळाचाच. सगळी पेटी आरओने भरायचा मोह टाळावा. त्या पाण्यात पीएच धरून ठेवणारे क्षारच नसतात, तो एका रात्रीत घसरू शकतो.

आणि खाणं. दोन मिनिटांत संपेल तेवढंच घाला. आमच्याकडे हे पाळणं सर्वांत कठीण गेलं. पाहुणा आला की हिला वाटतं, माशांनाही काहीतरी द्यावं.

काल रात्री बाल्कनीत नळाच्या पाण्याची बादली भरून ठेवत होतो. सहा वर्षांची नात शेजारी उकिडवी बसली होती. "हे कुठलं पाणी, आजोबा?" मी म्हटलं, "मांजराचं." ती बादलीकडे बघत राहिली, मग आत पेटीकडे. "माशांना सांगू नका हं," म्हणाली, आणि बादलीवर ताट झाकायला धावली. ताट मी काढून ठेवलं. क्लोरीन उडायला हवा.