मधमाश्यांचे दुखणे आणि ओव्या-लवंगेचे तेल



युनियनच्या माणसाने बोनस सोडून मधमाश्यांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिकलो ते कचेरीत आणि वाचनालयात. या विषयाकडे मात्र आम्हांला आमच्या एका चुकीने ओढले.

आंबिवलीचा आमचा एक सभासद कारखाना बंद पडल्यावर काळू नदीकाठी सातेरी माश्यांच्या चार पेट्या घेऊन बसला. एका पावसाळ्यात अळ्या पिवळ्या पडून मरू लागल्या; आंबूस वास सुटला. लवंगेचे तेल जंतू मारते, एवढे आम्ही वाचले होते. आम्ही छातीठोकपणे म्हणालो, “घाला, भाऊ!” त्याने कापसाचे भिजलेले बोळे ठेवले. दुसऱ्या दिवशी दोन पेट्या रिकाम्या! माश्यांचा सारा कारभार वासावर चालतो; आम्ही त्यांच्या घरात वासाचा दंगा केला होता.

मग आम्ही नीट वाचू लागलो. लक्षणे युरोपियन फाउलब्रूडची होती. आपल्या महाराष्ट्रातील सातेरी माश्यांवर त्याची शास्त्रीय नोंद १९७१ साली प्रसिद्ध झाली. हा जंतू अळीच्या पोटात बसून तिचे अन्न खातो. भरवणाऱ्या कामकरी माश्या कमी असल्या की अळी उपाशी मरते. दुसरा रोग अमेरिकन फाउलब्रूड. त्यात झाकलेल्या घरात काडी घालून ओढली, तर मेलेल्या अळीची तार निघते. त्याचे बीजाणू जुन्या पेटीत कित्येक दशके टिकतात.

ओवा, दालचिनी, लवंग यांच्या तेलांनी या दुसऱ्या रोगाच्या जंतूची वाढ प्रयोगशाळेत थांबते, हे खरे. पण प्रयोगशाळेतील बशी म्हणजे पोळे नव्हे. पोळ्यात तेल उडून जाते, उन्हाळ्यात फार वेगाने उडते, आणि बीजाणू त्याला दाद देत नाहीत. ओव्यातील थायमॉल परदेशी पेट्यांत वापरतात, ते मुख्यतः व्हॅरोआ गोचिडीवर, आणि तेही मोजून.

मग प्रतिजैविके द्यावीत काय? २०१० साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाजारातील मध तपासला, तेव्हा बहुतेक नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. माशीचे औषध आपल्या पोराच्या चमच्यात उतरते, आणि जंतूही निर्ढावतात.

तेव्हा तेलाचा शोध चालू राहावा, ही आमची इच्छा. पण आज पेटीवाल्याने आधी रोगट पोळे काढून जाळावे, अवजारे स्वच्छ ठेवावीत, फुलांच्या तुटवड्यात साखरेचा पाक द्यावा, वसाहत भरलेली राखावी. आणि पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेस विचारावे. ती १९६२ पासून याच कामात आहे.

त्या सभासदाला आम्ही दोन पेट्या भरून दिल्या. भरल्या पोटाची, एकजुटीची वसाहत रोगाशी झुंजते. हे आम्ही आयुष्यभर फाटकावर सांगत आलो आणि पेटीपाशी नेमके विसरलो. एवढे कबूल करून आपली रजा घेतो.