जो वाचला, त्याची फाईल कुठे?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त मेळाव्यात शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेपुढे पेन्शन, रिक्त पदे आणि ठेकेदारी असे तीन ठराव आहेत. त्यांवर आमच्याहून जाणकार मंडळी बोलतील. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. आम्हांला आज एका घराविषयी बोलायचे आहे. घर आपल्याच एका लोको पायलटचे आहे. त्याने आणि वहिनींनी बोलायला परवानगी दिली आहे. नाव मात्र घेऊ नका, असे वहिनींनी बजावले आहे, म्हणून ते घेत नाही.

एप्रिल २०२१ आठवा. १९ एप्रिलला कळंबोलीहून पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमकडे निघाली. देश घरात बसला होता आणि मालगाड्या चालूच होत्या. त्या चालवणारे आपलेच लोक होते. आपला हा सहकारी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा, मालगाडीवर. अंगात साखर होती. रनिंग स्टाफला ती का होते हे आपल्याला ठाऊक आहे. कधी रात्री दोनचा कॉल, कधी दुपारचा. जेवणाला वेळ नाही आणि झोपेला ठिकाण नाही. मेच्या सुरुवातीला त्याला कोरोना झाला. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, स्टिरॉइड दिले. ऑक्सिजनवरच्या पुष्कळ रोग्यांचे प्राण त्या औषधाने वाचले, हे नाकारायचे कारण नाही. पण त्याने साखर भडकते. याची चारशेच्या वर गेली. बारा दिवसांनी तो घरी आला, आपण हुश्श केले.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी वरची दाढ हलू लागली. डावा गाल सुजला, नाक चोंदले. दात दुखतोय म्हणून लवंग धरली. दोन दिवसांनी एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. वहिनींनी बॅटरी धरून तोंडात पाहिले, तर टाळूवर काळा डाग.

मित्रहो, ती म्युकरमायकोसिस, लोक जिला काळी बुरशी म्हणतात. या बुरशीचे कण मातीत, कुजल्या पाल्यात, हवेत सगळीकडे असतात. तुमच्याआमच्या नाकात रोज जातात आणि काही करीत नाहीत. पण साखर ताब्यात नसेल, अंगातली ताकद औषधांनी दबली असेल, तर ती नाकात मूळ धरते आणि रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते. रक्त पोचले नाही की मांस आणि हाड मरते, आणि मेलेले मांस काळे दिसते. बुरशी स्वतः काळी नसते. एक गोष्ट ठळक सांगतो, हा रोग एकापासून दुसऱ्याला लागत नाही. तरीही त्या दिवसांत शेजाऱ्यांनी या घराची कडी वाजवणे बंद केले होते.

२०२१ साली देशात या रोगाचे ५०,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले, सर्वाधिक महाराष्ट्रात आणि गुजरातेत. मे महिन्यात केंद्राने राज्यांना प्रत्येक रुग्णाची नोंद सक्तीची करायला सांगितले. औषध अँफोटेरिसिन बी, शिरेतून द्यायचे, कित्येक आठवडे. ते बाजारातून नाहीसे झाले होते. जूनमध्ये जीएसटी परिषदेने त्यावरचा कर शून्यावर आणला, पण कर गेला म्हणून कुपी हातात येत नाही. तेव्हा आपल्या शाखेने जे केले त्याचा अभिमान वाटतो. तीन राज्यांतल्या शाखांना फोन लावले. गार्ड, टीटीई, पार्सल क्लार्क, पोस्टमन सगळे धावले. एका पोस्टमन बांधवाने स्वतःच्या मोटारसायकलवर बर्फाच्या डब्यातून कुप्या आणून दिल्या. फंड जमला. माणूस वाचला.

पण डावा डोळा काढावा लागला. वरच्या जबड्याचा डावा भाग आणि अर्धी टाळू गेली.

जूनअखेर तो घरी आला. आम्ही कार्यालयाच्या फळ्यावर लिहिले, "आपला सहकारी मृत्यूशी झुंज देऊन परतला, अभिनंदन." आणि फाईल बंद केली.

बंधूंनो, आता आमची चूक सांगतो, कारण ती सांगण्यासाठीच आज उभे आहोत. हा सहकारी गेट मीटिंगमध्ये घोषणा द्यायचा. त्याला माईक लागत नसे, शेडच्या त्या टोकापर्यंत आवाज जाई. परत आल्यावर आम्ही दोनदा फोन केला. दोन्ही वेळा कट झाला. आम्ही म्हटले, रुसला असेल, कुणीतरी काही बोलले असेल. आठ महिने आमच्यापैकी एकही माणूस त्याच्या दारात गेला नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये वहिनी स्वतः युनियन कार्यालयात आल्या. बसा म्हटले तर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, ते इस्पितळात होते तेव्हा तुम्ही हार आणून ठेवला होता, मला ठाऊक आहे. तो लागला नाही म्हणून तुम्ही आला नाहीत का?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. त्याच संध्याकाळी घरी गेलो.

तिथे कळले की फोन का कट होत होता. टाळूला भोक असले की शब्द नाकातून जातात. बोललेले समोरच्याला कळत नाही. घोषणा देणाऱ्या माणसाने लाजेने फोन घेणे सोडले होते. पाणी प्याले तर नाकातून येई. भाकरी दुधात कुस्करून, गाळणीने गाळून वहिनी भरवीत. तो सगळ्यांसमोर जेवत नसे, स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवे. मुलगा चौदा वर्षांचा, त्याने मित्रांना घरी आणणे बंद केले होते. मुलीची बारावी झाली होती, ती कॉलेजच्या फीऐवजी शिकवणीचे पैसे आईच्या हातात ठेवीत होती. रजा संपली होती, मग अर्धा पगार, मग बिनपगारी.

टाळूचे भोक झाकायला एक प्लेट मिळते, कवळीसारखी. ती बसली की गिळता येते, बोलता येते. पण ती एकदा बसवून भागत नाही. जखम आक्रसते, प्लेट सैल होते, पुन्हा माप, पुन्हा नवी. रोज काढून धुवावी लागते, नाकात मिठाचे पाणी फिरवावे लागते, नाहीतर खपल्या धरतात. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम रोज. अँफोटेरिसिन मूत्रपिंडावर जाते, म्हणून रक्ताची तपासणी. बुरशी परतली नाही ना हे पाहायला स्कॅन. साखर तर आयुष्यभराची. आणि एका डोळ्याने अंतर कळत नाही. पहिल्या महिन्यात जिन्यावरून दोनदा पडला, पेल्यात पाणी ओतताना ते बाहेर सांडे. हे सगळे करणारी एकच व्यक्ती होती, वहिनी. तिच्या कामाची मस्टरवर नोंद नाही, ओव्हरटाईम नाही, साप्ताहिक सुट्टी नाही.

आता कागदाकडे वळू. टपाल खात्याने एप्रिल २०२० मध्ये जाहीर केले की कामावर असताना कोरोनाने मृत्यू आला तर ग्रामीण डाक सेवकांसह सर्वांच्या वारसांना १० लाख रुपये. चांगले केले. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर २०२१ मध्ये कोरोनाने मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ५०,००० रुपयांचे अनुदान ठरले. तेही बरोबर. पण दोन्हींसाठी मृत्यूचा दाखला लागतो. जो अर्धा चेहरा देऊन वाचला, त्याच्यासाठी रकानाच नाही. मेलेल्याची फाईल आहे, धडधाकटाची आहे. मधल्या माणसाची कुठे आहे?

एका कार्यालयात आम्हांला सांगण्यात आले, "एक डोळा गेल्यास अपंगत्व ३० टक्के. ४० टक्के नाही, म्हणून कायदा लागू नाही." आम्ही परत आलो आणि कायदा वाचला. इंग्रजी कच्चे, म्हणून तीन वेळा वाचला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. आरक्षणासारख्या सवलतींना ४० टक्क्यांची अट आहे, हे खरे. पण कलम २०, पोटकलम ४ वेगळे आहे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढायचे नाही, पदावनत करायचे नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या जागेवर न्यायचे. जागाच नसेल तर जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवायचे. या पोटकलमात ४० टक्क्यांचा आकडा कुठेही नाही. तुम्हीही वाचा. रेल्वेच्या एस्टॅब्लिशमेंट मॅन्युअलचा तेरावा अध्याय डी-कॅटेगराइज झालेल्यांसाठीच आहे. रनिंग स्टाफला पर्यायी जागा देताना मूळ पगारात ३० टक्के पे एलिमेंट धरावे लागते, हेही विसरू नका.

एका डोळ्याच्या माणसाने गाडी चालवावी असे आम्ही कधी म्हटले नाही, म्हणणारही नाही. गाडीमागे माणसे असतात. आम्ही म्हटले, इंजिन गेले, नोकरी जाता कामा नये. सात महिने भांडलो. आज तो क्रू लॉबीत टेबलावर काम करतो. मायलेज गेले, त्याची झळ घराला आहेच. पण महिन्याचा पगार येतो. मुलगी पदवीधर झाली. आतापर्यंत तीन प्लेटा झाल्या.

म्हणून या सभेपुढे चार गोष्टी ठेवतो.

पहिली, प्रत्येक शाखेत एक वही असावी. इस्पितळातून सुटलेल्या माणसाच्या घरी महिन्यातून एकदा दोघांनी जायचे, किमान वर्षभर. फोन उचलला नाही तर त्याच दिवशी जायचे.

दुसरी, कलम २०(४) चा अर्ज माणूस इस्पितळात असतानाच तयार ठेवायचा, रजा संपायची वाट पाहायची नाही. ग्रामीण डाक सेवकांना नियमित कर्मचाऱ्याचा दर्जाच नाही, म्हणून त्यांच्यासाठी हे भांडण आणखी मोठे आहे. ते रेल्वे आणि टपाल दोघांनी मिळून लढायचे.

तिसरी, प्लेट, कृत्रिम डोळा, गोळ्या आणि स्कॅन हे उपचारच आहेत. एकदा दिले म्हणजे संपले, हे आपण मान्य करायचे नाही. बदलावे लागेल तितक्या वेळा ते खात्याच्या खर्चाने मिळाले पाहिजे.

चौथी, साखरेची तपासणी आणि जेवणाची वेळ हीही कामगारांची मागणी आहे. बुरशी कोरोनाबरोबर आली नाही आणि कोरोनाबरोबर गेलीही नाही. साखर चढलेल्या माणसाच्या गालाला एका बाजूची सूज, नाकातून काळपट स्राव, हलणारा दात, दुहेरी दिसणे, यातले काहीही दिसले तर लवंग धरू नका, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. चार दिवसांत डोळा जातो.

शेवटचे सांगून खाली बसतो. गेल्या महिन्यातल्या गेट मीटिंगला तो सहकारी आला होता. मागे उभा राहिला. घोषणा आम्ही दिली, आमचा आवाज काही त्याच्यासारखा नाही. मीटिंग संपल्यावर जवळ येऊन म्हणाला, "सेक्रेटरी, तुमचा आवाज शेडपर्यंत पोचत नाही. पुढच्या वेळी मी बघतो." शब्द थोडे नाकातून आले, पण सगळे कळले.

पुढची गेट मीटिंग पंधरा तारखेला आहे. सर्वांनी यावे.

कामगार एकजुटीचा विजय असो!