पडद्याच्या शेजारी कोण बसले आहे?

(एका पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



घरातील लहान मुले आणि त्यांचे ऑनलाइन शिक्षण व मनोरंजन हा आजचा विषय. मी सहा वर्षांखालील मुलांपुरतेच बोलणार आहे. थोरल्या मुलांचे प्रश्न निराळे आहेत आणि दोहोंची गल्लत केली की चर्चा भरकटते.

या विषयावरचा वक्ता बहुधा आईला दोष देऊन मोकळा होतो. तसे करणे मला अन्यायाचे वाटते. आईवडील दोघेही नोकरीला, आजी-आजोबा गावी, घर दोन खोल्यांचे. संध्याकाळी दमून आलेली आई कुकर लावते आणि तेवढा वेळ मूल एका जागी बसावे म्हणून त्याच्या हाती मोबाइल देते. यात हौसेचा भाग थोडा आणि अगतिकतेचा मोठा आहे. कुटुंब लहान झाले, अंगण गेले, शेजार बंद दाराआड गेला. जी जागा रिकामी झाली तेथे पडदा येऊन बसला. म्हणून दोषारोप बाजूला ठेवून आपण एवढेच पाहू, की लहान मूल पडद्याकडून खरोखर काय शिकते आणि काय शिकू शकत नाही.

२००३ साली अमेरिकेत सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल यांनी एक प्रयोग केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील ९ महिन्यांची बाळे घेतली. चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्ती त्यांच्याशी खेळल्या, त्यांना पुस्तके वाचून दाखविली. सुमारे २५ मिनिटांच्या अशा १२ बैठका झाल्या. तेवढ्यावर ती बाळे त्या परक्या भाषेतील ध्वनींमधले सूक्ष्म भेद ओळखू लागली. दुसऱ्या गटाला त्याच व्यक्तींचे, तेच बोलणे दूरदर्शन संचावर दाखविले. ती मुले काहीही शिकली नाहीत. भाषा तीच, आवाज तोच, वेळही तेवढाच. उणीव होती ती समोरच्या जिवंत माणसाची.

मग काच हीच अडसर आहे काय? याचे उत्तर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासाने दिले. २४ ते ३० महिन्यांच्या मुलांना नवी क्रियापदे शिकविण्यात आली. काहींना प्रत्यक्ष समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवर, तर काहींना आधी ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या फितीतून. प्रत्यक्ष शिकणारी मुले शब्द शिकलीच, पण व्हिडिओ कॉलवरची मुलेही शिकली. मुद्रित फीत पाहणारी मुले मात्र शिकली नाहीत. कारण कॉलवरचे माणूस मुलाच्या हसण्याला हसते, त्याने बोट दाखविले की तिकडे पाहते, त्याच्या उत्तरासाठी थांबते. फीत थांबत नाही. तात्पर्य, लहान मुलाची भाषा वाढते ती प्रतिसादावर.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तीन वर्षांपुढील मुलांसाठी जाणीवपूर्वक रचलेले कार्यक्रम उपयोगी पडतात. अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट' या कार्यक्रमाने मुलांना अक्षरे व अंक शिकविले, हे तेव्हाच्या पाहणीत दिसून आले. तेव्हा यंत्राला सरसकट शत्रू ठरविण्याचे कारण नाही. वय कोणते, आशय कोणता आणि शेजारी कोण, हे तीन प्रश्न विचारले म्हणजे पुरे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना दिल्या. दोन वर्षे पूर्ण होण्याआधी पडद्यापुढे बसविणे नको. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक नको, कमी असेल तेवढे उत्तम. पुढच्याच वर्षी कोरोनाची साथ आली आणि शाळा बंद झाल्या. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 'प्रज्ञाता' नावाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत पूर्वप्राथमिक वर्गांसाठी दिवसाला फार तर ३० मिनिटे ठेवली होती आणि तीही पालकांशी संवाद साधून त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी. हा तपशील फार महत्त्वाचा आहे. एवढ्या लहान मुलापर्यंत शिक्षक पडद्यातून थेट पोहोचत नाही, तो घरातल्या माणसाच्या द्वारे पोहोचतो, असे त्यातून सूचित होत होते. साथ सरली, शाळा उघडल्या. पण घराघरांत शिरलेला मोबाइल मुलांच्या हातीच राहिला आणि ती मध्यस्थ पालकाची अट मात्र विस्मरणात गेली.

या यंत्राचा स्वभावही ओळखून असावे. एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होते. पाहणारा जितका वेळ खिळून राहील तितक्या जाहिराती अधिक, असा त्यामागचा व्यवहार असतो. आजी गोष्ट सांगताना मध्येच थांबते आणि नातू विचारतो, 'मग?' त्या 'मग'मध्ये त्याचे कुतूहल, तर्क आणि भाषा एकदम कामाला लागतात. आपोआप धावणाऱ्या पडद्यापुढे 'मग' विचारायला उसंतच नसते.

आणि येथेच मराठीचा प्रश्न उभा राहतो. 'ओंजळ' हा शब्द दोन्ही हात जोडून त्यात शेंगदाणे घेतल्यावर कळतो. 'चिमूट' मिठाच्या बरणीपाशी कळते. कोमट, खरखरीत, ओलसर हे शब्द आधी बोटांना समजतात, मग जिभेवर येतात. घरात कोणी बोलतच नसेल आणि मूल दिवसभर परभाषेतील बडबडगीते ऐकत असेल, तर आपली भाषा त्याला परकी होण्यासाठी वेगळ्या शत्रूची आवश्यकता उरत नाही.

आपल्याकडे याचे उत्तर फार पूर्वी शोधले गेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम उभे केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढे १९५७ पासून हे काम कोसबाडला बहरले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा आली. महागडी साधने परवडत नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, पाने, बिया हीच शिक्षणाची साधने झाली. त्या मुलांपाशी एक गोष्ट मात्र विपुल होती, ती म्हणजे त्यांच्याशी बोलणारे मोठे माणूस.

मग आपण काय करावे? शक्य असेल तेवढेच सांगतो. काय पाहायचे ते मोठ्यांनी आधी निवडावे आणि आपोआप पुढे जाण्याची सोय बंद करावी. शेजारी बसून पाहावे, मध्ये थांबवून विचारावे आणि पाहिलेले नंतर हाताने करून घ्यावे. बी रुजताना पाहिले तर वाटीत मटकी भिजत घालावी. जेवताना व झोपताना पडदा नसावा. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीविव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य आहेत. त्या मुलाला मांडीवर घेऊन वाचाव्यात. गावाकडच्या किंवा परदेशातील आजी-आजोबांनी व्हिडिओ कॉलवर ठरलेल्या वेळी गोष्ट सांगावी. तो पडदाच आहे, पण त्यामागे माणूस आहे.

आणि आईला एकटीला हे जमणार नाही, हे सर्वांनी मान्य करावे. वडिलांनी स्वयंपाकघरात उभे राहिले तर आईला, आणि आईने उभे राहिले तर वडिलांना, मुलाजवळ बसता येते. आपल्या गृहसंकुलांत सेवानिवृत्त मंडळी आहेत आणि बहुधा रिकामे पडलेले सभागृहही आहे. संध्याकाळी सहा ते सात या वेळात दोन ज्येष्ठांनी चटई पसरून बसावे, दहा मुलांना गोळा करावे. गोष्टी, बडबडगीते, परवचा, चिंचोके असे काहीही चालेल. त्याला निधी लागत नाही, परवानगीही फारशी लागत नाही. आज येथून जाण्यापूर्वी आपापल्या इमारतीसाठी अशी दोन नावे निश्चित करावीत आणि येत्या सोमवारपासून प्रारंभ करावा, एवढीच माझी विनंती.