बोअरच्या भिंतीवरची भेग

आजचा विषय आपल्या धाराशिव जिल्ह्यात घरोघरी बोलला जाणारा: बोअर. एकाच बांधावर पन्नास फुटांच्या अंतरानं दोन बोअर पडतात. एकाला दोन इंची पाणी लागतं, दुसऱ्यातून नुसता फुफाटा उडतो. कर्ज मात्र दोघांच्याही डोक्यावर. असं का होतं?

आपल्याकडचा सलग काळा पाषाण जवळजवळ पाणी धरतच नाही. पाणी असतं त्यातल्या भेगांत, लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात आणि झिजलेल्या, सच्छिद्र पट्ट्यांत. बोअर तिथून गेलं तर पाणी, जरा बाजूनं गेलं तर कोरडं.

मग ही भेग बघता येते का? येते. तेलविहिरींत वापरतात ती एक पद्धत आहे. उपकरण बोअरच्या तळाशी सोडतात. त्याच्या हातांना गाद्या असतात, त्या भिंतीला टेकतात आणि गाद्यांवर बारीक बटणं असतात. उपकरण वर ओढताना प्रत्येक बटणातून खडकात किती वीज जाते ते मोजतात. सलग पाषाणात कमी जाते, पाण्यानं भरलेल्या भेगेत जास्त. कमी तिथं उजळ रंग, जास्त तिथं गडद. असं भिंतीचं चित्र तयार होतं.

हे चित्र उलगडलेलं असतं. कागदाची सुरळी तिरकी कापून उलगडा, कड लाटेसारखी दिसेल. तिरकी भेग तशीच दिसते. साडेसहा इंची उभ्या बोअरमध्ये लाटेची उंची साडेसहा इंच भरली, तर भेग 45 अंशांत उतरते. लाटेचा सर्वांत खालचा बिंदू उताराची दिशा सांगतो.

पण गडद रेघ म्हणजे पाणीच, असं नाही. चिकणमातीनं बुजलेली भेगही गडद दिसते. खरं काय ते उपसा करूनच कळतं. शिवाय कोरड्या बोअरमध्ये किंवा लोखंडी केसिंगच्या आड हे उपकरण चालत नाही. उभ्या भेगा तर उभ्या बोअरला क्वचितच सापडतात. आणि खर्च एका शेतकऱ्याला झेपणारा नाही.

तरी विषय आपलाच आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट सास्तूर, किल्लारी विसरलेली नाही. त्यानंतर किल्लारीला 617 मीटर खोल बोअर घेतलं, तेव्हा 338 मीटर बेसॉल्ट लागला आणि त्याखाली जुना खडक. पुढे कोयना परिसरात जवळपास 3 किलोमीटर खोल बोअर झालं. त्याच्या भिंतीच्या चित्रांवरून खोल खडकावरच्या ताणाची दिशा काढली गेली. पाणी भेगेतून येतं, आणि भूकंपात खडक सरकतो तोही मोठ्या भेगेवरच.

आपल्या हातात एक फुकटचं काम आहे. बोअर पडताना वही घेऊन उभं राहा. किती फुटांवर फुफाट्याचा रंग बदलला, कुठं ओल आली, कुठं पाणी वाढलं, लिहून ठेवा. शेजाऱ्यानं पुढचं बोअर घेण्याआधी ती वही त्याला दाखवा.

भेटू पुढच्या भागात.