फाईल वर गेली म्हणजे कुठे गेली?



माझे वडील कचेरीतून एकच उत्तर घेऊन परत येत: फाईल वर गेलीय. वर म्हणजे कुठे, हे विचारायची सोय नव्हती. आज सगळ्यात वरच्या फायलीबद्दल बोलू. मंत्रिमंडळाच्या.

माहिती अधिकार कायदा, २००५. कलम ८(१)(आय) म्हणतं, मंत्रिमंडळाची कागदपत्रं आणि मंत्री-सचिवांच्या चर्चेच्या नोंदी द्यायचं बंधन नाही. अर्ज फेटाळताना अधिकारी बहुतेकदा इथेच थांबतात. तुम्ही पुढचं वाक्य वाचा. निर्णय झाला, विषय संपला, की निर्णय, त्याची कारणं आणि ज्या सामग्रीवर तो घेतला ती सामग्री जाहीर केली पाहिजे. संविधानाच्या कलम ७४(२) नुसार मंत्र्यांनी राष्ट्रपतींना काय सल्ला दिला याची चौकशी न्यायालय करू शकत नाही. पण त्या सल्ल्यामागची सामग्री न्यायालय मागू शकतं, असं बोम्मई खटल्यात १९९४ सालीच ठरलं.

हे आपल्या कामाचं का? ७ जानेवारी २०१९ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने आर्थिक दुर्बलांच्या १० टक्के आरक्षणाला मंजुरी दिली. ८ तारखेला लोकसभा, ९ ला राज्यसभा. तीन दिवस! आणि अनुसूचित जाती, जमाती, ओबीसींमधले गरीब त्यातून बाहेर. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. ती कोणत्या अभ्यासावरून आली, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, वैद्यकीय प्रवेशांच्या खटल्यात विचारलं. मग सरकारने तीन जणांची समिती नेमली, आणि तिने आठ लाखच ठेवायला सांगितलं. आकडा आधी, तपासणी नंतर. आपल्याला मात्र दरवर्षी दाखला आधी लागतो.

गोपनीयता सगळीच वाईट, असं मी म्हणत नाही. चर्चेत एखाद्या मंत्र्याला मोकळेपणाने विरोध करता यावा, म्हणून ती हवी. पण कोण काय बोललं हे वेगळं आणि कुठल्या आकडेवारीवर ठरलं हे वेगळं.

म्हणून अर्जात ‘मंत्रिमंडळाची टिप्पणी द्या’ एवढंच लिहू नका. निर्णय, कारणं, सामग्री हे तीन शब्द लिहा आणि कायदा कधी लागू झाला ती तारीख टाका. विषय अजून संपला नाही, अशी पळवाट मग अवघड होते. काही भाग गुप्त असेल तर तो वगळून उरलेलं द्या, असं कलम १० सांगतं, तेही मागा. माहिती कशाला हवी, हे सांगायची गरज नाही.

केंद्राच्या विभागाला फी दहा रुपये. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, की पहिलं अपील करा. त्याला केंद्राकडे फी नाही.