शाळेची फी आणि आईबापांचे कर्तव्य
(महोत्सवानिमित्त वसईतील एका धर्मग्रामात दिलेले व्याख्यान)



आजच्या मंगल प्रसंगी पूर्वजांनी उभारलेल्या देवळाची स्तुती करणे सोपे आहे. परंतु त्या देवळात उद्या गुडघे टेकणार कोण, याचा विचार न केल्यास आपला महोत्सव अपुरा राहील. म्हणून मुलांस मिशनच्या शाळेत घालण्यापासून लाभ कोणता व त्याचे मोल किती, याविषयी चार शब्द बोलतो.

लाभ उघड आहे. वाडीत पाणी शिंपणाऱ्या बापाच्या मुलास शिक्षक होण्याची व मुलीस परिचारिका होण्याची वाट याच शाळांनी दाखविली. शिवाय आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमान्वये संपूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. उलट ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांस स्वतःच्या शाळा काढून चालविण्याचा हक्क दिला आहे. वर्गातच प्रार्थना व धर्मशिक्षण मिळावे, ही इच्छा तेथेच पुरी होते.

आता मोल पाहू. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून होतो. विनाअनुदानित शाळेत तो सारा भार फीवर पडतो. ज्याच्या घरी तीन लेकरे, त्याने काय करावे? कोणी दागिना गहाण ठेवितो, कोणी मुलास इंग्रजी शाळेत घालून मुलीस मागे ठेवितो. हा दुसरा व्यवहार अन्यायाचा आहे, हे मला स्पष्ट सांगितले पाहिजे.

दुसरे मोल भाषेचे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापिले गेले. जन्माने इंग्रज असलेल्या त्या धर्मगुरूंनी येथील लोकांच्या अंतःकरणास भिडावे म्हणून मराठीत ओव्या रचिल्या; आणि आज आपलेच लेकरू आजीच्या जपमाळेस नुसते ओठ हलविते, कारण तिचे शब्द त्यास उमगत नाहीत! इंग्रजी अवश्य शिकावे. पण ज्या भाषेत आई रडते व प्रार्थना करिते, ती भाषा मुलाने गमावली, तर श्रद्धेचे मूळच उघडे पडते.

तिसरे मोल सर्वांत जड, आणि ते फीच्या पावतीवर लिहिलेले नसते. फी भरली म्हणजे धर्माचे कर्तव्य फिटले, असे आपणांस वाटू लागते. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने कॅथलिक मुलांस इतर शाळांत जाण्याची मनाई केली होती. बिशपांच्या विचाराने तेवढी सूट मिळे. १९८३ ची संहिता आईबापांस कॅथलिक शिक्षण देणारी शाळा निवडावयास सांगते; परंतु ते शक्य नसेल, तर शाळेबाहेर तशा शिक्षणाची तजवीज करण्याचे बंधन त्यांवरच घालते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली आईबाप हेच मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक, असे सांगितले. शाळा मदतनीस आहे. ती आईबापांची जागा घेणारी नव्हे.

त्याच परिषदेने कॅथलिक शाळांनी गरिबांची विशेष काळजी घ्यावी, अशी कळकळीची विनंती केली आहे. आपल्या देशात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांस दुर्बल व वंचित घटकांतील मुलांकरिता पहिल्या वर्गात २५ टक्के जागा ठेवावयास सांगितले. अल्पसंख्याकांच्या शाळांस हा कायदा लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या एका पीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त केली. न्यायालयाचे न्यायालय पाहील. पण कायद्याने जे मागितले नाही, ते शुभवर्तमान मागत नाही काय? आपल्याच धर्मग्रामातील गरिबाचे मूल फीअभावी आपल्याच शाळेच्या दारातून परत गेले, तर दारावरील क्रूस कोणाकरिता?

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. महोत्सवाच्या वर्गणीतील काही भाग गरीब मुलांच्या फीकरिता राखून ठेवावा. जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या मुलांस रविवारच्या धर्मशिक्षणात मानाने जवळ बसवावे; ती कमी प्रतीची ख्रिस्ती नव्हेत. आणि शाळा कोणतीही असो, रोज सायंकाळी घरात मराठीतून जपमाळ व्हावी, व त्या वेळी बापाने ओट्यावर न बसता मुलांशेजारी गुडघे टेकावेत. या शेवटच्या शाळेस फी नाही; पण तीत गैरहजेरी फार महाग पडते.

नाझरेथचे पवित्र कुटुंब आपल्या घरांचे रक्षण करो, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.