न दुखणारी गाठ

'अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य' अशी आपल्यात म्हण आहे. छातीत गाठ लागली की बाई गप्प बसते, ती याच लाजेने. आज आम्ही त्या गाठीविषयीच बोलणार आहोत. पुरुषांनी उठून जाऊ नये. दवाखान्यात सोबत जायचे आहे ते तुम्हीच.

माडांची बाग डोळ्यांपुढे आणा. पाण्याचे पाट असतात, पाटांभोवती माती असते. स्तनातही तसेच आहे. दुधाच्या बारीक नळ्या म्हणजे पाट. त्यांना धरून ठेवणारा तंतूंचा भाग म्हणजे माती. काही गाठींत ही दोन्ही वाढतात.

अशी एक गाठ बहुधा तरुणपणी होते. ती गुळगुळीत असते, बोटाखाली सरकते. ती कॅन्सर नव्हे. तपासून तसे ठरले, तर पुष्कळदा नुसते लक्ष ठेवले तरी चालते.

दुसरी क्वचित होते, बहुधा चाळिशीच्या सुमारास. तिच्यात माती माजते. लिंबाएवढी गाठ काही महिन्यांत नारळाएवढी होऊ शकते. कापल्यावर आत कोबीच्या गड्ड्यासारखी पाने दिसतात. म्हणून १८३८ साली म्युलर नावाच्या जर्मन पंडिताने तिला पानावरून नाव दिले. डॉक्टर तिला फायलोड्स म्हणतात. यांतल्या बहुतेक साध्याच असतात. थोड्या मात्र कॅन्सरच्या निघतात. त्या रक्तावाटे फुप्फुसात पोचू शकतात.

"दुखत नाय, मगे कित्याक जावचा?" असे बाया म्हणतात. पण या दोन्ही गाठी बहुधा दुखतच नाहीत! नुसते चाचपून त्यांतला फरक डॉक्टरलाही नक्की सांगता येत नाही. म्हणून सोनोग्राफी करतात. चाळिशी उलटली असेल तर मॅमोग्राफीही करतात. मग जाड सुईने तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सुईने गाठ चिघळते, ही भीती खोटी आहे. कधी तुकड्यावरूनही उलगडा होत नाही. तेव्हा सगळी गाठ काढून तपासतात.

फायलोड्स काढताना भोवतीचा थोडा चांगला भागही घेतात. नुसती सोलून काढली, तर लव्हाळ्यासारखी त्याच जागी पुन्हा उगवू शकते. गाठ फार मोठी नसेल, तर सहसा सगळा स्तन काढावा लागत नाही.

ओरोसला सरकारी रुग्णालय आहे. आपली माणसे गोव्यात बांबोळीलाही जातात. कॅन्सर ठरला, तर परळचे टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे. तपासणीचे कागद आणि तुकड्याच्या काचपट्ट्या जपून ठेवा. पुढचा डॉक्टर त्या मागतो. आणि गाठ काढली तरी पहिली दोन-तीन वर्षे दिलेल्या तारखेला दाखवायला जा, मग ती तारीख लावणीत येवो की गणपतीत.